क्लच सुटतोय, टाइट करून दे

(हॅमर मशीन दुरुस्त करणाऱ्या एका मेकॅनिकनं आपल्या पॉडकास्टवर केलेल्या बोलण्याचं हे शब्दांकन. बोलण्याचा बाज तसाच ठेवलाय, फक्त 'म्हणजे' आणि 'काय झालं' थोडे कमी केलेत.)



हेडफोन लावून ऐकताय ना? मग त्यात थोडा हात माझाही असू शकतो. शेजारच्या बिल्डिंगमध्ये कुणाचं तरी बाथरूम फुटतंय आणि सकाळपासून घर्रर्र चालू आहे. ते मशीन माझ्यासारख्याच कुणीतरी नीट करून दिलेलं असणार, म्हणून तर एवढा आवाज येतोय. बिघडलेलं हॅमर फार शांत असतं.

माझं भोसरीला छोटं दुकान आहे. दहा बाय बारा, त्यातली निम्मी जागा मशीनच्या सांगाड्यांनी भरलेली. मी मूळचा लातूरकडचा, आयटीआयला इलेक्ट्रिशियन ट्रेड केला, दोन वर्षं. आयटीआयमध्ये मोटर शिकलो. पण हॅमर शिकलो ते वस्तादांच्या हाताखाली, रॉकेलच्या डब्यात पार्ट धूत धूत. आता चौदा वर्षं झाली या कामाला. ड्रिल, कटर, ग्राइंडर सगळं येतं माझ्याकडे, पण माझं खरं काम मोठी हॅमर. पाच किलोपासून अकरा किलोपर्यंतची, आणि त्यावरची ब्रेकर.

गेल्या आठवड्यात एक ठेकेदार आला. पाच किलोचं मशीन टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, "मिस्त्री, क्लच सारखा सुटतोय. पोरं बोंबलतात. टाइट करून दे."

मी म्हटलं, "शेठ, टाइट नाही करणार. क्लच गेला असेल तर नवीन टाकतो."

"अरे, एक वायसर टाकायचा असतो आत. मला माहितीये. दहा मिनिटांचं काम."

मी नाही म्हटलं. तो म्हणाला, काम येत नाही तर दुकान कशाला उघडलंय. मशीन उचललं आणि गेला.

त्याचं खरं होतं बरं का. वायसर टाकायचं काम दहा मिनिटांचं नसलं तरी तासाभराचं आहे आणि मला ते चांगलं येतं. मी ते केलेलं आहे. ते का बंद केलं, हेच आज सांगायचंय. पण त्यासाठी मशीन आधी उघडावं लागेल. थोडं टेक्निकल होईल, सांभाळून घ्या.

आपल्या घरी असतं ते इम्पॅक्ट ड्रिल. त्यात दात असलेल्या दोन चकत्या एकमेकांवर घासतात आणि बिट थरथरतं. वीट असेल तर भोक पडतं. काँक्रीट आलं की तुम्ही अंगाचा भार टाकता, मशीन गरम होतं, वास येतो आणि शेवटी खिळा ठोकायचा विचार रद्द होतो. हॅमर ही वेगळीच जात आहे. त्यात भोक फिरण्यानं पडत नाही, ठोक्यानं पडतं. मिनिटाला साधारण २००० ते ३००० ठोके, आणि फिरणं मात्र दोनशे-तीनशेच. फिरायचं कशासाठी, तर ठोक्यागणिक बिटची धार नव्या जागी यावी आणि भुगा बाहेर निघावा.

आता हा ठोका येतो कुठून? इंजेक्शनची सिरिंज घ्या, सुई काढा आणि तोंडावर बोट घट्ट दाबून दट्ट्या आत ढकला. हवा दबते आणि दट्ट्याला परत फेकते. उलटं ओढा, तर बोट आत खेचलं जातं. हॅमरमध्ये हेच चालतं. मोटर एका क्रँकवर पिस्टन मागेपुढे हलवते. त्याच सिलिंडरमध्ये पुढे एक लोखंडी ठोकळा मोकळा पडलेला असतो, त्याला आम्ही स्ट्रायकर म्हणतो. पिस्टन आणि स्ट्रायकर एकमेकांना जोडलेले नाहीत. मध्ये फक्त हवा. पिस्टन मागे गेला की स्ट्रायकर मागे ओढला जातो, पुढे आला की दबलेली हवा त्याला गोळीसारखी पुढे फेकते. तो पुढच्या एका जाड खुंटीवर आदळतो आणि खुंटी बिटच्या बुडावर. म्हणजे तुमच्या घराची भिंत हवेच्या गादीनं फुटत असते. असलं मशीन बॉशनं १९३२ साली काढलं. आज कुठल्याही कंपनीचं हॅमर उघडा, आत मुळात हीच युक्ती सापडेल.

ही युक्ती कळली की निम्म्या तक्रारींचं उत्तर आपोआप मिळतं.

उदाहरण सांगतो. गिऱ्हाईक येतं, दुकानात मशीन हवेत धरून चालू करतं आणि म्हणतं, बघा, मारतच नाही. अरे, हवेत ते मारणारच नाही! बिट भिंतीला टेकलेलं नसलं की खुंटी पुढे सरकते, तिच्यामागे स्ट्रायकर पुढे जातो, सिलिंडरची बारीक भोकं उघडी पडतात आणि हवेची पकड सुटते. मुद्दाम केलेली सोय आहे ती. नाहीतर रिकामं मशीन स्वतःच्याच तोंडावर ठोके मारून फुटून गेलं असतं. म्हणून माझ्या दुकानाबाहेर काँक्रीटचा एक मोठा ठोकळा पडलाय, चाळणी झालीये त्याची. पहिली टेस्ट तिथं.

आणि दुसरं, जीव खाऊन दाबलं म्हणून ठोका वाढत नाही. ठोका हवा देते, तुमचं वजन नाही. बिट टेकून राहील एवढाच दाब पुरे. जास्त दाबलं की मोटर मंदावते, पंखा मंदावतो, आर्मेचर तापतं. पैलवान गडी असेल त्या साइटची मशीन माझ्याकडे जास्त येतात, हे मी अनुभवानं सांगतो.

"फिरतं पण मारत नाही" ही सगळ्यात मोठी तक्रार. काँक्रीटवर टेकवूनही मारत नसेल तर नव्वद टक्के वेळा मी आधीच ओळखतो, ओरिंग गेली. पिस्टनवर आणि स्ट्रायकरवर रबरी रिंगा असतात, त्या झिजल्या की हवा बाजूनं निसटते आणि ओढच तयार होत नाही. रिंग एवढीशी, किंमत चहा-नाश्त्याएवढी, पण तिच्यासाठी अख्खं मशीन उघडावं लागतं. मजुरी ऐकून लोक म्हणतात, एका रबराचे एवढे? बाजारात मापाची कुठलीही काळी रिंग मिळते, ती बसते पण बरोबर. पण आतली उष्णता साध्या रबराला सोसत नाही. महिन्याभरात कडक होते आणि गिऱ्हाईक परत दारात. आणि नवी रिंग घालतानाही घाई चालत नाही. मघाशी सांगितली ती हवेची भोकं आहेत ना, त्यांच्या काठाला धार असते. ग्रीस लावून, किंचित फिरवत, हळू सरकवली नाही तर त्या धारेनं रिंग तिथंच सोलून निघते. नवीन रिंग टाकली तरी मारत नाही, अशी मशीन दुसरीकडून फिरून माझ्याकडे येतात, आणि आत ही सोललेली रिंग निघते.

ग्रीस हा तर आमच्या धंद्यातला अंधश्रद्धेचा विषय आहे. लोकांना वाटतं, जास्त भरलं म्हणजे मशीनचं जास्त कल्याण. सिलिंडरमध्ये ग्रीस ठासलं तर हवेला जागा कुठं राहिली? ठोका मऊ पडतो. भोकं बुजतात. उरलेलं ग्रीस तोंडातून गळतं आणि सिमेंटची धूळ त्याला चिकटून पॉलिश पेपरसारखी पेस्ट तयार होते. कंपनी सांगते तेच ग्रीस, सांगते तेवढंच. आणि जुनं पूर्ण पुसल्याशिवाय नवं घालायचं नाही, कारण दोन जातींची ग्रीस एकत्र आली की कधी कधी पाण्यासारखी पातळ होतात. मी वजनकाट्यावर मोजून घालतो. सोनाराचा छोटा काटा आहे माझ्याकडे. पोरं हसतात.

वापरणाऱ्यानं करायचं काम एकच: बिट घालण्याआधी त्याचं बूड फडक्यानं पुसायचं आणि बोटभर ग्रीस लावायचं. एवढं केलं तरी चक वर्षानुवर्षं टिकतो. एक गंमत सांगतो, त्या चकवर एसडीएस लिहिलेलं असतं, बऱ्याच जणांना ती कंपनी वाटते. ते जर्मन शब्द आहेत, अर्थ साधारण असा की घाल, फिरव, बसलं. १९७५ ची पद्धत आहे ती. लहान मशीनला प्लस, त्याचं बूड १० मिलिमीटरचं. मोठ्याला मॅक्स, १८ मिलिमीटर. माझं सगळं आयुष्य त्या अठरावाल्यांमध्ये चाललंय.

इलेक्ट्रिकलचं पटकन सांगतो, कारण ते यूट्यूबवर भरपूर आहे. मशीन पूर्ण बंद असेल तर आधी केबल बघा. हँडलमधून बाहेर येते तिथं वायर आतल्या आत तुटते, वरून काही दिसत नाही. मग कार्बन. बऱ्याच मशीनमध्ये कार्बन झिजून संपला की मशीन आपोआप थांबतं, आणि लोक मोटर जळाली म्हणून घाबरतात. उघडायच्या आधी प्लग काढायचा, हे मी तुम्हाला सांगायला नको, पण सांगतोच. आणि उघडताना प्रत्येक पायरीला मोबाईलनं फोटो काढा. आमच्या वस्तादांच्या डोक्यात सगळं होतं, आपल्या खिशात कॅमेरा आहे.

एकच गोष्ट जरा थांबून सांगतो. या मशीनच्या पाटीवर चौकोनात चौकोन असं चिन्ह असतं. म्हणजे डबल इन्सुलेशन. त्याला अर्थिंगची तिसरी वायर नसते, माणसाला वाचवणारं आहे ते आतलं प्लास्टिकच. आम्ही मेकॅनिक लोक हँडल बंद करताना एखादी वायर दोन कवचांमध्ये चिमटली, तर मशीन चालतं छान, पण ओल्या स्लॅबवर उभ्या असलेल्या माणसाला झटका बसतो. सिरीज बोर्डवर बल्ब लावून बघितलं तर पूर्ण शॉर्ट असेल तेच कळतं, थोडं लीकेज असेल तर बल्ब पेटतच नाही. म्हणून मेगर घ्या. पाचशे व्होल्टचा. दुकान टाकणाऱ्या प्रत्येक पोराला मी सांगतो, एसी नंतर घे, बोर्ड नंतर रंगव, मेगर आधी.

आता क्लच.

मोठ्या हॅमरमध्ये मोटरची ताकद गिअरमधून खूप वाढून बिटपर्यंत येते. बिट भिंतीत फिरत असताना समजा आतल्या सळईला भिडलं आणि घट्ट अडकलं. मोटर तर फिरतेच आहे. मग फिरणार कोण? बिट नाही फिरलं तर मशीनची बॉडी फिरणार, उलट्या दिशेनं. आणि बॉडीला तुम्ही दोन्ही हातांनी धरलेलं आहे.

म्हणून गिअर आणि बिटच्या नळीच्या मध्ये क्लच असतो. खाचा असलेल्या चकत्या, आणि त्यांना दाबून ठेवणारी जाड स्प्रिंग. ठरलेल्यापेक्षा जास्त जोर आला की खाचा एकमेकींवरून उड्या मारतात, कट-कट-कट आवाज येतो, मोटर चालू राहते आणि बिट थांबतं. काम करणाऱ्याला वाटतं, मशीन कमजोर झालं. खरं तर मशीननं त्याचा हात आत्ताच वाचवलेला असतो.

स्प्रिंगखाली एक-दोन वायसर टाकले की स्प्रिंग जास्त दबते आणि क्लच सुटायचा बंद होतो. मशीन एकदम ताकदवान वाटायला लागतं. गिऱ्हाईक खूश.

आठेक वर्षांपूर्वी एक ठेकेदार असंच मशीन घेऊन आला. स्लॅबला खालून अँकर मारायचं काम होतं त्यांचं, पाइपलाइन टांगायला. स्लॅबमध्ये सळईचं जाळं, त्यामुळे बिट सारखं भिडायचं आणि क्लच सुटायचा. मी दोन वायसर टाकले. काँक्रीटच्या ठोकळ्यावर चालवून दाखवलं, मस्त चाललं. ठोकळ्यात सळई नव्हती. त्यानं ठरलेल्यापेक्षा दोनशे रुपये जास्त दिले, आणि मला त्याचा अभिमान वाटला होता, खोटं कशाला बोलू.

दहा-बारा दिवसांनी त्यांचा मुकादम तेच मशीन घेऊन आला. बाजूचं हँडल तडकलेलं. "हे बदलून दे." मी सहज विचारलं, पडलं का? तो म्हणाला, "पडलं नाही. पोराच्या हातात फिरलं."

पोरगा एकोणीस वर्षांचा. नांदेडकडचा. घोडीवर उभा राहून, हात वर करून भोक मारत होता. बिट सळईत अडकलं, क्लच सुटला नाही. मशीननं त्याचा डावा हात पिळून काढला. मनगटाजवळची दोन्ही हाडं मोडली, आणि तो घोडीवरून खाली आला. डोक्याला लागलं नाही, ते नशीब.

मुकादम चहा प्यायला गेला. मी मशीन उघडलं. हँडल बदलायला आतला गिअरबॉक्स उघडावा लागत नाही. पण मी उघडला, ते दोन वायसर काढले, आणि परत बंद केलं. मुकादमाला काही बोललो नाही. ठेकेदारालाही नाही. त्या मशीनमध्ये काय होतं हे कुणालाच कधी कळलं नाही. हे मी आज पहिल्यांदा मोठ्यानं बोलतोय.

त्या रविवारी साइटवर गेलो. लेबर कॅम्पच्या पत्र्याच्या खोलीत पोरगा बसला होता, हाताला प्लास्टर, आत प्लेट टाकलेली. मोबाईलवर क्रिकेट बघत होता. मी सांगितलं, मशीनवाला मेकॅनिक आहे. तर मला म्हणतो, "दादा, मशीन नीट झालं का? माझ्या हातानं मोडलं ते. शेठ पैसे कापतील का?"

मी म्हटलं, नाही कापणार. थोडे पैसे त्याच्या हातात दिले. त्याला वाटलं शेठनंच पाठवलेत. मी तसंच वाटू दिलं. सांगायला पाहिजे होतं की चूक तुझी नव्हती. निदान तेवढं तरी. पण तेवढं सांगितलं असतं तर मग कुणाची, असं त्यानं विचारलं असतं. मी उठलो आणि निघालो. पुढच्या महिन्यात तो गावी गेला. नंतर त्याचा पत्ता नाही.

त्यानंतर वायसर बंद. लोक भांडतात, गिऱ्हाईकं जातात. शेजारच्या गल्लीत करून देणारे आहेत, मला माहीत आहे. मी फुकट नुकसान करून घेतो असं घरचेही म्हणतात. असू दे.

पण नुसतं नाही म्हणून गिऱ्हाईकाचं काम होत नाही ना. तक्रार तर खरी असते, मशीन सुटतंय. म्हणून मी आता आधी बिट मागतो. दहापैकी पाच-सहा वेळा दोष तिथंच असतो. बिटच्या टोकाला जो कठीण तुकडा बसवलेला असतो, त्याच्या कडा गोल झालेल्या असतात, किंवा एक कोपरा उडालेला असतो. असं बिट काँक्रीट कापत नाही, रेटतं. सळई भिडली की लगेच अडकतं. जिथं सळई जास्त लागते तिथं चार धारांचं बिट घ्या, ते दोन धारांच्या मानानं कमी अडकतं. महाग आहे. पण क्लच सेटपेक्षा स्वस्त आहे. आणि सळई लागलीच तर रेटू नका, भोक दोन बोटं सरकवा. सळई कापत बसणं बिल्डिंगलाही चांगलं नाही.

बिट चांगलं असूनही हलक्या कामात क्लच सुटत असेल, तर मात्र चकत्यांच्या खाचा झिजल्यात किंवा स्प्रिंग बसलीये. मग सेट बदलायचा. कंपनीनं ठरवलेल्या दाबावरच तो सुटला पाहिजे, आधीही नाही आणि नंतरही नाही. हल्ली महागड्या मशीनमध्ये सेन्सर येतो, बॉडी अचानक फिरली की मोटर बंद. चांगली गोष्ट आहे. पण आपल्याकडे साइटवर आणि भाड्यानं फिरणारी मशीन बहुतेक जुनीच आहेत, आणि त्यांच्यात काय काय टाकलंय ते देव जाणे.

म्हणून तुमच्यापैकी कुणी हे काम करत असेल, किंवा भाड्यानं मशीन आणून घरी काही करणार असेल, तर हे मशीन टाइट केलेलं आहे असं धरूनच चाला. बाजूचं हँडल काढू नका, ते शोभेचं नाही. बिट उजवीकडे फिरतं, अडकलं की बॉडी डावीकडे फिरणार, त्या हिशेबानं पाय रोवून उभे राहा. शिडीवर चढून मोठं हॅमर चालवू नका. आणि ट्रिगर दाबून ठेवण्यासाठी कुणी दोरी किंवा टेप गुंडाळली असेल तर ती आधी कापा. हात सुटला की मशीन थांबलं पाहिजे.

धुळीचं राहिलं. काँक्रीटची धूळ म्हणजे सिलिका, ती फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही. मी सुरुवातीची कितीतरी वर्षं आलेलं मशीन कंप्रेसरच्या हवेनं साफ करायचो, दुकानाचं शटर अर्धं ओढून, तोंडाला काही नाही. आता मास्क घालून, बाहेर, ब्रशनं आणि ओल्या फडक्यानं. डॉक्टरांकडे एक्स-रे काढून आलोय, सध्या ठीक आहे. दिवसभर हॅमर धरणाऱ्यांची बोटं मुंग्या येऊन पांढरी पडतात, तेही अंगावर काढू नका, दाखवा.

तो गेल्या आठवड्यातला ठेकेदार परवा परत आला होता. क्लचसाठी नाही, ग्राइंडर घेऊन. हॅमरचं काय झालं विचारलं, तर म्हणाला, "दिलं एकाकडून करून." मी म्हटलं, "शेठ, एकदा घेऊन या, उघडून बघतो. बघायचे पैसे नाही घेत." बघू म्हणाला. अजून आणलेलं नाही. सोमवारी त्याचं ग्राइंडर तयार होईल, तेव्हा परत विचारीन.

तुमचे प्रश्न कमेंटमध्ये टाका, जमेल तशी उत्तरं देतो. आणि मशीन घेऊन दुकानात येणार असाल तर बिट घरी ठेवून येऊ नका, ते पण सोबत आणा.